शिकवायला ठेवलेलं घर

सर्व संतांच्या सणादिवशी ग्रानादाच्या डोंगरातल्या बेनिकासरच्या लोकांना मिस्सेच्या प्रार्थनेला म्हणून चर्चमध्ये बोलावलं, आणि शेवटची म्हातारी उंबरा ओलांडून आत आल्यावर दाराला बाहेरून अडसर घातला. आत कुणी ओरडलं नाही. राजाविरुद्धचं बंड मोडून बरेच दिवस झाले होते, डोंगरात लपलेले पुरुष एकेक करून मारले गेले होते, आणि केव्हातरी हे होणार याची उरलेल्यांना कल्पना होती. सणाच्या दिवशी होईल, एवढंच वाटलं नव्हतं.

ब्रिआंदा आपल्या मुलीला, मेंसियाला, पोटाशी धरून एका खांबाला टेकून उभी होती. शेजारी तिची सासू ओमल्फाता. खांब संगमरवराचा होता. रोमन लोकांनी तो आपल्या कुठल्याशा देवासाठी उभा केला, मागून गॉथ आले त्यांनी तिथे चर्च केलं, मूर आले त्यांनी मशीद केली, आणि ब्रिआंदाच्या आजोबांच्या हयातीत कास्तिलच्या राजाने ग्रानादा जिंकल्यावर त्याचं पुन्हा चर्च झालं. खांबांना कुणी हात लावला नाही, छप्पर मात्र ज्याने त्याने आपापलं घातलं. माणसांचंही तेच. आत उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांचे पूर्वज आधी ख्रिस्ती होते, मग मुसलमान झाले, आणि आता बाप्तिस्मा घेऊनही बाटलेले मूर म्हणूनच ओळखले जात. पाद्रीबाबांसाठी ती ब्रिआंदा होती. घरात बापाने तिचं नाव फुतूह ठेवलं होतं. फुतूह म्हणजे विजय.

सैनिकांच्या नाईकाने हुकूम वाचून दाखवला. बाटलेल्या सगळ्यांना इथून उचलून कास्तिलमध्ये पांगवायचं होतं. घरंदारं, जमिनी, झाडं राजाची. त्यांत उत्तरेकडून आणलेले अस्सल ख्रिस्ती बसवायचे.

"फक्त एक घर राहील," नाईक म्हणाला. "नव्या लोकांना इथले पाट ठाऊक नाहीत, रेशीम ठाऊक नाही. त्यांना शिकवायला एक घर. कोणतं ते सांगा."

हे त्याने पाद्रीबाबांना विचारलं होतं. मेल्चोर पाद्रीबाबा गावात मुरलेले होते. त्यांना विचार करावा लागला नाही.

"रेशमाचं म्हणाल तर ही ब्रिआंदा. पाण्याचं म्हणाल तर तो बर्नार्दिनो पाटकरी."

"ही दोन घरं झाली."

"ती विधवा आहे, तो सडाफटिंग आहे," पाद्रीबाबा म्हणाले. "एक करता येतील."

बर्नार्दिनो कोपऱ्यात एकटाच उभा होता, कारण त्याच्याजवळ कुणी उभं राहत नसे. गेल्या वसंतात गावाच्या वरच्या गुहेत लपलेल्या माणसांना सैनिकांनी तोंडाशी ओली लाकडं पेटवून धुराने मारलं होतं. त्यांत ब्रिआंदाचा नवरा होता, ओमल्फाताचा एकुलता एक मुलगा. आणि ती गुहा बर्नार्दिनोने दाखवली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं, सैनिकांनीच हसत सांगितलं होतं.

"माझी हरकत नाही," बर्नार्दिनो जमिनीकडे बघत म्हणाला.

"तुझी कशाला असेल रे?" ओमल्फाता म्हणाली. मग ती सुनेकडे वळली. आवाज चढवला नाही. "पोरगी वाटेत मेली तरी चालेल मला. ह्याच्या घरात वाढलेली नको. ऐकलंस?"

ब्रिआंदाने ऐकलं होतं. तिने मेंसियाच्या पायांकडे पाहिलं. पोरीच्या पायांत गवताच्या दोरीच्या वहाणा होत्या, आणि खिंडीत बर्फ पडायला लागला होता. मोठ्यांबरोबर निघालेली लहान पोरं वाटेत काढून घेऊन घरकामाला वाटून टाकतात, हेही कानावर आलं होतं.

"हो," ती म्हणाली.

पाद्रीबाबांनी घाईघाईने लग्न लावलं. बाकीच्यांना तोवर दोरीला बांधायला सुरुवात झाली होती, त्यामुळे मंत्रांच्या मधेमधे नाईकाच्या शिव्या ऐकू येत होत्या. ओमल्फाताला बाहेर नेताना ब्रिआंदाने आपली लोकरीची शाल तिच्या खांद्यावर टाकली. म्हातारीने खांदा उडवून ती चिखलात पाडली आणि मागे न बघता चालू लागली.

हिवाळाभर गावात तीन माणसं होती. कुत्री काही दिवस मालकांना शोधत हिंडली, मग डोंगरात निघून गेली. रिकाम्या घरांची दारं वाऱ्याने आपटत. बर्नार्दिनो रोज जाऊन ती लावून येई, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आपटत असत. तो झोपायचा खेचराच्या गोठ्यात. ब्रिआंदा त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवी आणि आत वळे. महिनाभर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

एकदा ताट उचलायच्या आधी तो दारातच थांबला.

"विचारून टाक एकदा," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"का दाखवली ते."

ती कणीक मळत होती. "सांग."

"त्यांनी मला मारलंसुद्धा नव्हतं. नुसतं विचारलं. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नाही."

तिला वाटलं होतं, तो म्हाताऱ्या आईचं नाव घेईल, गाव वाचवायला केलं म्हणेल, काहीतरी सांगेल जे तिला तोंडावर फेकून मारता येईल. ह्या उत्तरात हातात धरायला काही नव्हतं.

"मग मी तरी काय केलं," ती कणकेकडे बघत म्हणाली. "जा. कोंबड्यांना बघ."

तेवढ्याने सलोखा झाला असं नाही. पण रमजानात ती दिवसभर काही खात नसे हे त्याने ओळखलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मेंसिया मात्र नऊ वर्षांची होती आणि गावात खेळायला कुणी नव्हतं. ती त्याच्या मागे पाटावर जाऊ लागली. तो तिला दगड हलवून पाणी कसं वळवायचं ते दाखवी, बर्फाखालचे चेस्टनट शोधून भाजून देई. आधी ती त्याला 'तो' म्हणे, मग 'पाटकरी', आणि बदाम फुलले तेव्हा एक दिवस अंगणातून हाक आली, "बा, खेचर सुटलंय." ब्रिआंदाने बाहेर येऊन तिच्या थोबाडीत मारली. त्यानंतर पोरगी आईसमोर त्याला कशीच हाक मारत नसे. पाटावर गेली की मारायची, ते ब्रिआंदाला वाऱ्याबरोबर ऐकू यायचं.

वसंतात नवे लोक आले. गालिसियाचे, पावसाळी मुलखातले, लाकडी खडावा घालणारे. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. ब्रिआंदाचं घर तोमे नावाच्या माणसाला आणि त्याच्या बायकोला, तारेइशाला मिळालं. बर्नार्दिनोचा गोठा आता तिघांचा झाला.

तारेइशा रुंद हाडाची, लाल गालांची बाई होती. मनात आलेलं सगळं तिच्या तोंडावाटे बाहेर पडत असे. पहिल्याच दिवशी ती गोठ्यात आली आणि डुकराच्या चरबीचा एक तुकडा ब्रिआंदासमोर धरला.

"खा. आम्हाला सांगितलंय, तुम्ही लोक हे खाता का बघा म्हणून. मला मेलीला असली पहारेगिरी आवडत नाही, पण खाऊन टाक म्हणजे माझं काम झालं."

ब्रिआंदाने तुकडा चावून गिळला.

"झालं. आता ते किडे दाखव."

"ते अजून अंड्यात आहेत."

"कुठे आहेत अंडी?"

ब्रिआंदाने चोळीतून एक पुरचुंडी काढली. तारेइशा दोन पावलं मागे सरली.

"अगं बया! किडे छातीशी धरून उबवतेस? आमच्याकडे असले दिसले तर कोंबड्यांना घालतो."

"तुमच्या कोंबड्या रेशमाची अंडी घालत असतील मग."

तारेइशा पोट धरून हसली. मग तिने स्वतःच हात पुढे केला आणि पुरचुंडी घेतली. त्या हसण्याने ब्रिआंदा सावध झाली. ही बाई पटकन शिकणार, हे तिला दिसलं. आणि जिच्या हातात हे शिक्षण पूर्ण आलं, तिला शिकवणारणीची गरज उरणार नव्हती.

बर्नार्दिनोला हे कळत नव्हतं, किंवा कळूनही त्याला फरक पडत नव्हता. त्याने तोमेला आणि इतरांना पाटाची सगळी विद्या देऊन टाकली. मूळ बंधारा कुठे, कोणती मोरी केव्हा उघडायची, कोणत्या शेताला आधी पाणी, काहीही हातचं राखलं नाही. रोमनांनी बांधलेल्या जुन्या चरातून मुरांनी पाणी पुढे कसं नेलं, तेही दाखवलं.

"सगळं सांगून बसलास," ब्रिआंदा त्याला म्हणाली. "उद्या हाकलतील."

"पाणी चुकलं तर झाडं मरतात," तो म्हणाला. "झाडांनी काय केलंय?"

ब्रिआंदाने तारेइशाला जवळजवळ सगळं शिकवलं. अंडी उबवणं, अळ्यांना परड्यांत पसरणं, कात टाकायला निजल्या की न हलवणं. फक्त एक गोष्ट उलटी सांगितली. चौथी कात टाकून अळ्या उठल्या की त्यांना भयंकर भूक लागते, आणि तेव्हा ओलं पान दिलं तर पोट सडून त्या मरतात. म्हणून ब्रिआंदा तुतीची पानं चादरीवर पसरून सावलीत सुकवून मग घाली. हे काम मेंसियाकडे असे. तारेइशाला तिने सांगितलं, "तेव्हा भल्या सकाळी पान तोडायचं. दंव असलेलं. त्यांना तहान लागते ना."

तारेइशाने अगदी तसंच केलं. अळ्या आधी फुगल्या, मग काळ्या पडल्या. घरभर कुजका वास सुटला. गोठ्यात मात्र ब्रिआंदाच्या अळ्या वाळक्या डहाळ्यांवर चढून पिवळेधमक कोष विणत होत्या.

"कशाने झालं गं?" तारेइशाने परडीवर ओणवून विचारलं. तिच्या कडेवर तान्हं बाळ होतं, बेनिकासरलाच जन्मलेलं.

"घरात चरबी तळता. तो वास त्यांना सोसत नाही."

दुसऱ्या हंगामात तारेइशाने चरबी चुलीवर चढवलीच नाही. तोमे उकडलेले सलगम खाऊन कुरकुरत राहिला. "किड्यांसाठी माणसांनी उपास काढायचे का?" तो म्हणे. ती त्याला गप्प करी. तिने नवस बोलला, परड्यांवर क्रूस टांगला, आणि भल्या सकाळी दंवाने भिजलेली पानं तोडून आणली. पुन्हा सगळ्या अळ्या मेल्या. तेव्हा ती जमिनीवर बसून रडली, आणि ब्रिआंदाने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली रुंद पाठ हादरत होती. ब्रिआंदाला वाईट वाटलं नाही. तिला बरं वाटलं, आणि आपल्याला इतकं बरं वाटतंय याचं जरा नवल वाटलं.

रेशमाच्या जोरावर नव्या लोकांना बाहेरून धान्य मिळायचं होतं. ब्रिआंदाच्या गोठ्यातलं रेशीम सगळ्यांना पुरणारं नव्हतं, म्हणून धान्य नाही. त्यात गारांनी बदाम झोडपले. पानं गळायच्या दिवसांत तारेइशाचं दूध आटलं. मेंसिया रोज तिच्याकडे जाऊन बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घाली, कापडाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून चोखायला देई. शेळीही आटली. पहिलं बर्फ पडायच्या आत बाळ गेलं. ब्रिआंदाने आपल्या रेशमातला तुकडा काढून त्याला गुंडाळायला दिला, आणि तारेइशाने तिचे हात धरून म्हटलं, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं." मेंसिया बाजूलाच उभी होती. तिने आईकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

त्याच हिवाळ्यात मेल्चोर पाद्रीबाबांनी ब्रिआंदाला बोलावून घेतलं.

"नवा हुकूम आलाय," ते म्हणाले. "शिकवायला ठेवलेली घरंही उठवायची. तोमे म्हणतो, पाट आता आमचे आम्ही बघू. म्हणजे बर्नार्दिनोचं काम संपलं. वसंतात त्याला नेतील."

"रेशमाचं काम संपलेलं नाही. तारेइशाला विचारा."

"विचारलं. ती तुला सोडायला तयार नाही. पण बायको नवऱ्याबरोबर जाणार. त्याला मी काय करू?"

पाद्रीबाबांनी मेणबत्तीची काजळी चिमटीने काढली. वरच्या जागेसाठी ते किती वर्षं खटपट करत होते, आणि धर्माची चौकशी करणाऱ्यांच्या हाती इथून अजून एकही माणूस लागला नव्हता.

"नवराच धर्म सोडलेला निघाला तर गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "मग बायकोला त्याच्याबरोबर पाठवत नाहीत. चांगल्या ख्रिस्ती घराच्या नजरेखाली ठेवतात. मुलीलाही."

बाहेर मेंसिया बर्नार्दिनोला काहीतरी ओरडून सांगत होती आणि तो हसत होता. तो हसतो हे ब्रिआंदाला माहीत नव्हतं.

तिला गुहेतला धूर आठवला. तीन दिवस तो गावावर उतरत होता, कपड्यांना वास येत होता. तिने तो राग पुन्हा मनात शोधला. तो होता, पण पूर्वीइतका नव्हता, आणि आता जे करायचं त्याला तो पुरेसा आहे असं तिने ठरवलं.

"रमजानात तो दिवसभर खात नाही," ती म्हणाली. "दोन्ही हिवाळ्यांत मी पाहिलंय. आताही रमजानच चालू आहे."

चौकशीवाले आठवड्याभरात ग्रानादाहून आले. दोन काळ्या झग्यांतले पुरुष आणि एक लेखनिक. चर्चमध्ये टेबल मांडलं. बर्नार्दिनोला हात बांधून समोर उभं केलं. ब्रिआंदाने सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. तो तिच्याकडे बघत होता. रागाने नव्हे, ती बोलण्यात चुकत तर नाही ना, असं बघावं तसा.

खरं असं होतं की उपास तिचा होता. तारेइशा आणि इतर शेजारणी अधूनमधून गोठ्यात डोकावत. ताटं भरलेली दिसू नयेत म्हणून बर्नार्दिनो स्वतःचं खाऊन तिचंही खाऊन टाकी. त्यावर त्यांच्यात कधी एक शब्दही झाला नव्हता.

मग मेंसियाला पुढे बोलावलं. त्यांतला वयस्क माणूस मायेने बोलला.

"घाबरू नकोस, बाळ. तुझा बाप दिवसा जेवत नाही, खरं ना?"

"खोटं," मेंसिया म्हणाली. "बा जेवतो. दोघांचं जेवतो."

लेखनिकाने मान वर केली. म्हातारा जरा पुढे झुकला.

"दोघांचं म्हणजे? दुसरं कुणाचं?"

मेंसियाने तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं. ती तशीच उभी राहिली. ब्रिआंदाला खांबाचा गार दगड पाठीला लागला. आपण मागे सरकलो हे तिला कळलंच नव्हतं.

"पोरगी मला वाचवायला काहीही बोलतेय," बर्नार्दिनो म्हणाला. "उपास माझा. नमाजही मीच पढतो, पाटाच्या पाण्याने हातपाय धुऊन. ही बाई किती वेळा बोलली मला. मी ऐकलं नाही. लिहा."

"आणखी कोण आहे तुझ्याबरोबर?"

"होते ते तुम्ही गुहेत धुराने मारले. मीच दाखवले तुम्हाला."

त्याला त्याच संध्याकाळी नेलं. खेचरावर उलटं बसवलं होतं. मेंसिया खिंडीपर्यंत मागे धावत गेली आणि सैनिकाने भाल्याच्या दांड्याने तिला परतवलं. पुढे कळलं ते एवढंच की ग्रानादाच्या चौकात त्याला फटके दिले आणि राजाच्या गलबतावर वल्ह्याला साखळीने जखडलं. वल्ह्यावरचा माणूस फार काळ टिकत नाही.

घरी मेंसिया आईशी भांडली नाही. ती जेवण वाढे, लाकडं आणी, विचारलं तर उत्तर देई. फक्त आईच्या शेजारी झोपायची ती बंद झाली. ब्रिआंदा स्वतःला सांगत राहिली की पोर लहान आहे, विसरेल; वाचली आहे, हे पुढे कधीतरी तिला कळेल. एकदा तिने तसं बोलूनही दाखवलं.

"तुझ्यासाठी केलं सगळं, मेंसिया."

"मी सांगितलं नव्हतं," मेंसिया म्हणाली, आणि ओंजळभर शेंगा सोलत राहिली.

वसंतात तुतीला पालवी फुटली. तारेइशाने पुन्हा अंडी छातीशी उबवली. मेंसिया आता बहुतेक वेळ तिच्याकडेच असे, आणि ब्रिआंदाने तिला अडवलं नाही, कारण तारेइशाला पोरीची सवय लागणं फायद्याचंच होतं. चौथी कात पडली. ब्रिआंदा दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मेलेल्या अळ्या बघायला आणि सांत्वन करायला गेली.

ओसरीत चादर पसरलेली होती. चादरीवर तुतीची पानं सुकत होती, आणि मेंसिया गुडघ्यांवर बसून ती उलटत होती.

आतून परड्यांतल्या अळ्यांच्या खाण्याचा आवाज येत होता, सुक्या पाचोळ्यावर पाऊस पडावा तसा. तारेइशा दारात आली. तिचे गाल लाल नव्हते.

"हिने सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं पोर आईवर रागावलीय, काहीतरी बोलतेय. म्हणून करून पाहिलं." तिने चादरीकडे बोट केलं. "तुला माहीत होतं?"

ब्रिआंदाला खोटं बोलता आलं असतं. ती मेंसियाकडे बघत होती आणि मेंसिया मान वर करत नव्हती.

"हो."

"दोन्ही वर्षं?"

"हो."

"माझं बाळ तुझ्या मांडीवर असायचं गं."

"माझं घर तुझ्या पायाखाली होतं," ब्रिआंदा म्हणाली.

तारेइशाचा हात उठला आणि तसाच खाली आला. मग तिने झग्याला हात पुसले.

"मी पाद्रीबाबांना सांगते की आम्हाला सगळं येतं आता. खोटं सांगत नाहीये मी. पोरगी माझ्याकडे राहील. तिला न्यायचा प्रयत्न केलास तर उपास कुणाचा होता तेही सांगेन. तेही तिने सांगितलंय मला."

कोष उतरवायच्या आतच सैनिक आले. ब्रिआंदाने सगळं सामान एका गाठोड्यात बांधलं. गोठ्याच्या दाराशी मेंसिया भाकरी आणि सुके अंजीर घेऊन उभी होती.

"हे तारेइशामावशीने दिलंय," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं, मला नेतील म्हणून?"

"हो."

"आणि तरी सांगितलंस."

"म्हणूनच सांगितलं."

ब्रिआंदाने तिच्या केसांवरून हात फिरवायला हात उचलला. पोरगी मागे सरली नाही. ती तशीच उभी राहिली, चौकशीवाल्यांसमोर उभी राहिली होती तशी, आणि ब्रिआंदानेच हात मागे घेतला. भाकरी तिने घेतली. वाट लांबची होती.

ला मांचातल्या एका गावात तिला एका रंगाऱ्याकडे लोकर धुवायचं काम मिळालं. उन्हाळ्यात तिथे सावली नसे, आणि हिवाळ्यात हौदाच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा येई. तिथे बेनिकासरची चार घरं होती. ती मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेली. ओमल्फाता पहिल्याच बर्फात, खिंडीच्या पलीकडे, वाटेवर बसली ती उठलीच नाही, एवढं त्यांनी तिला दारातून सांगितलं आणि दार लावलं. पुढे विहिरीवर बायका तिला बघून घागरी उचलत. चर्चमध्ये ती जिथे बसे तिथला बाक रिकामा होई. तिचे केस पांढरे झाले, बोटं रंगाने निळी पडली ती तशीच राहिली.

खूप वर्षांनी एक खेचरवाला अंगणात उतरला. तो दक्षिणेकडून आला होता. त्याच्या बोलण्यात आपल्या डोंगरातल्या जागांची नावं ऐकून तिने हातातली लोकर खाली ठेवली.

"बेनिकासरला जाता का तुम्ही?"

"दर वर्षी. रेशीम घ्यायला. तिथल्या रेशमाचं काय विचारता, आजी. सगळा मेंसियाबाईंचा हात. तोमेची मुलगी."

"तोमेची?"

"हो. अस्सल गालिसियाची माणसं. एवढीशी होती म्हणे, तेव्हा आईबापांबरोबर आली. आता गावात तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. गेल्या वर्षी त्या गावात एक बाटलेला लपून राहिलेला सापडला, म्हातारा होता बिचारा. मेंसियाबाईंनीच सैनिकांना घर दाखवलं. कडक बाई."

ब्रिआंदाने खाली ठेवलेली लोकर पुन्हा हौदात सोडली.

"तुमच्या ओळखीची का ती?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या खेचरांना पाणी पिता यावं म्हणून ओली लोकर बाजूला ओढून हौद मोकळा करून दिला.